कामाचे कपडे

नवा बॅटरी कारखाना माणसं घेणार म्हटल्यावर आमचे हे हरखून गेले. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्यात यांची उमेदीची सगळी वर्षं गेलेली. "बॅटरीतलं माझ्याइतकं कुणाला कळतं?" म्हणत मिशीला पीळ देऊन गेले आणि तोंड पाडून परत आले. तपासणीत रक्तात शिसं सापडलं होतं. तसल्या माणसाला तिथं घेत नाहीत.

"आता तू जा," हे म्हणाले. "तुझा हात झपझप चालतो. तू लागलीस की मी हे काम सोडतो बघ."

तेवढ्यासाठीच मी गेले. यांचं पोट धरून कण्हणं मला बघवत नव्हतं. पातळ पट्ट्या चिमट्यानं रचायची परीक्षा होती. सगळ्यांत आधी माझी ताटली भरली. परीक्षा घेणारी बाई म्हणाली, "तुम्ही लागलातच म्हणून समजा." मी मनातल्या मनात यांचे कामाचे बूट उकिरड्यावर फेकूनही मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी झाली. तपासणीचा कागद बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शिशाच्या कामावर किती वर्षं होतात?"

"मी? मी तर घरीच असते."

"मग नवऱ्याचे कामावरचे कपडे कोण धुतं?"

मला हसूच आलं. "कोण धुणार? मीच की. आधी दारात झटकते, मग घासते."

त्या हसल्या नाहीत. "ती झटकलेली धूळच तुमच्या अंगात गेलीय. नोकरी देता येणार नाही. घरात मूल आहे का? त्यालाही तपासायला आणा."

घरापर्यंत कशी आले, कळलं नाही. यांना खरं सांगायचं नाही, एवढं मात्र ठरवलं. पार खचले असते. संध्याकाळी हे कामावरून आले, तसेच त्या कपड्यांत.

"काय, लागली का नोकरी?"

"छे! माझी बोटं जड आहेत म्हणे."

"तुझी? आंधळे आहेत लेकाचे!" माझी समजूत काढायला हे हसले आणि आमच्या टिकलीला उचलायला खाली वाकले. टिकली पाच वर्षांची. बाबा आले की धावत जाऊन त्यांच्या शर्टात तोंड खुपसायचं, हे तिचं रोजचंच.

"थांब! हात लावू नकोस त्यांना!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. टिकलीनं भोकाड पसरलं. यांचे हात पसरलेले तसेच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाकडे. मग एक एक पाऊल मागं घेत दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

आत या, असं मला म्हणता येईना.