पोकळीतलं बिऱ्हाड

"आता डाव्या कुशीवर," सुमती डॉक्टर म्हणाल्या, तसा दामाजी एक्स-रेच्या गार टेबलावर हळूच वळला.

थोड्या वेळानं त्यांनी दोन फिल्म उजेडावर लावल्या. उभ्यानं काढलेल्या फिल्ममध्ये छातीत लिंबाएवढा गोळा होता. कुशीवरच्या फिल्ममध्ये तो सरकून दुसरीकडे जाऊन बसला होता. दामाजीचा जन्म कोलशेतच्या खाडीत होडी हाकण्यात गेलेला. भरती-ओहोटी त्याला न बघता कळायची, आणि स्वतःच्या छातीत काय हलतंय याचा पत्ता नव्हता.

खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा जुना टीबी उलटला असं गावानं ठरवलं. त्यानंही ते मानलं. मालूचं, त्याच्या लेकीचं, बाळ रांगायला लागलं तरी आजोबानं त्याला हात लावला नव्हता.

"हा टीबी नाही, काका. तो बरा होताना फुफ्फुसात पोकळी ठेवून गेला. तिथं बुरशीनं बिऱ्हाड केलंय."

"बुरशी? भाकरीवर येते ती?"

"तिच्याच भाऊबंदांतली. हवेतून सगळ्यांच्याच श्वासात जाते. तुमच्याकडे तिला ओसरी मिळाली."

मागच्या खेपेला घेतलेल्या त्याच्या थुंकीतून वाढवलेली बुरशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. दामाजी वाकला. बारीक देठ, प्रत्येकाच्या टोकाला दाण्यांचा गोंडा. कुणी पेरलं नाही, राखलं नाही, आणि हे सुबक पीक आपल्या अंगात उभं! भ्यायचं सोडून त्यानं हात जोडले.

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "ही जी रसायनं सोडते, त्यांनी आसपासच्या रक्तवाहिन्या झिजतात. एखाद्या वेळी रक्त थांबणार नाही. ऑपरेशनही जोखमीचं आहे."

"त्ये र्‍हाऊं द्या. माझ्यापासना कोनाला लागंल का?"

"नाही. कुणालाच नाही."

बाहेर बाकाच्या पार टोकाला मालू बाळाला घेऊन बसली होती. ती उठली.

"टीबी हाय, बाबा?"

"नाय गो. बुरशी हाय. येवरी देखनी चीज मी जल्मात बगली नाय."

बाकीचं त्यानं पोटात ठेवलं आणि हात पुढे केले. मालूनं बाळ दिलं. सवयीनं त्यानं श्वास रोखून धरला होता. बाळ त्याच्या हनुवटीखाली डोकं घुसळत राहिलं. छाती दुखायला लागली, तेव्हा त्यानं तो श्वास सोडला, आणि जावळ भुरभुरलं.