डावीकडं वढणारी लॉरी

हिंगोलीच्या कापसाच्या जिनाबाहेर कडुलिंबाखाली महेबूब मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक जॅक, दोन गंजक्या पेट्या आन मिस्त्रीचं तोंड. अर्धी गाडी तो तोंडानंच दुरुस्त करायचा. गिऱ्हाईकाला म्हणायचा, इंजिनाला कान लावा, आत पाणी वाजतं का बघा. आन ते वाकलं की मागून भोंगा दाबायचा. जिनातले हमाल पोट धरून हसायचे. गिऱ्हाईक शिव्या देत जायचं आन पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याकडंच यायचं.

जर्मनची लढाई संपून वरीस झालं होतं. पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर खोकत खोकत धावलेली जिनवाल्या शेठची लॉरी आता पार थकली होती. तिच्यावर डायवर पहिल्यापासून एकच, सोनाजी. तो त्या दिवशी तोंड पाडून आला. म्हणला, लॉरी डावीकडं वढून राहिली. पुसेगावच्या वाटंवर दोनदा चाक नालीत उतरलं, आन काल तर एका बाईच्या डोक्यावरचा कडब्याचा भारा घासला. बाई वाचली. शेठनं सांगितलं होतं, मिस्त्रीनं आठवड्यात खोट काढली तर बरं, न्हाईतर लॉरी भंगारात. लॉरी गेली की सोनाजीही घरी, हे सांगायची गरज नव्हती.

"म्हातारपणी समद्याच एका अंगाला झुकतात," महेबूब म्हणाला. "तुझी गोजरबाई न्हाई का माहेराकडं झुकत?"

सोनाजी हसला. त्याला हसवल्याबिगर महेबूबला काम सुचायचं न्हाई.

मग तो कामाला लागला. दोन्ही चाकांची हवा बघितली, बराबर होती. पुढचं अंग जॅकवर उचलून चाक वरून-खालून धरून हलवलं. थोडा खेळ होता, पण तेवढा तर नव्या गाडीतही असतो. स्प्रिंगचे पाटे मोजले, एकही तुटका न्हाई. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली. चाक तिरपं असलं की सुतळी एका कडंला टेकते आन दुसरीकडं फट राहते. इथं दोन्ही कडा टेकल्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. शेवटी पुढची टायरं डाव्याची उजवीकडं केली, म्हणजे टायराचा दोष असंल तर तोही बाजू बदलंल. सोनाजी चक्कर मारून आला आन म्हणला, अजून डावीकडंच.

एक गोष्ट मात्र महेबूबच्या नजरंत बसली. डावीकडून काढलेल्या टायराचा बाहेरचा गाल दगडांनी पार सोलून निघाला होता.

तो एकटाच लॉरी घेऊन माळावर गेला. मोकळी सपाट जागा बघून त्यानं दोन्ही हात सोडले. लॉरी मांडवात निघालेल्या नवरदेवासारखी नाकासमोर चालत राहिली. महेबूबला पहिल्यांदा वाईट वाटलं ते तिथं. खोट सापडत न्हाई म्हणून न्हाई. ती कुठं असंल याची शंका आली म्हणून.

परत येऊन त्यानं सोनाजीला गाडी घ्यायला लावली. म्हणाला, मी बाहेर पायरीवर उभा राहतो, चालत्या चाकाकडं बघतो. सोनाजीच्या उजव्या हाताच्या खिडकीला धरून तो लटकला. लॉरी सेनगावच्या वाटंला लागली आन लागलीच डावीकडं सरकाया लागली. सोनाजी समोर बघत ओरडला, "बघ, वढली का न्हाई?"

महेबूबनं चाकाकडं बघितलंच न्हाई. त्यानं खिडकीतून जीभ काढून दाखवली. सोनाजी हसला न्हाई. मग महेबूबनं डोळे फिरवले, माकडासारखं तोंड केलं. सोनाजी समोरच बघत राहिला. शेवटी महेबूबनं हळूच हात घालून त्याच्या उजव्या कानामागची बिडी काढून घेतली. तरी काही न्हाई. आजवरची त्याची एकही थट्टा इतकी वाया गेली नव्हती.

"थांबव," तो म्हणाला.

गाडी थांबली. महेबूबनं गाडीपुढून डाव्या बाजूला येऊन दार उघडलं आन बिडी पुढं केली. सोनाजीनं कान चाचपला.

"कधीपासून?" महेबूबनं विचारलं.

"दसऱ्यापासून. आधी धुकं व्हतं उजव्या डोळ्यात. मंग धुकंबी गेलं."

"सांगितलं काहून न्हाई?"

"पण गाडी वढते, मिस्त्री. आईची आण. माझ्या हाताला लागतं."

"गाडी न्हाई वढत, सोन्या. उजवीकडं काय हाये ते तुला दिसत न्हाई, म्हणून तू भिऊन डावीकडं जातो."

सोनाजी हलक्या आवाजात म्हणाला, शेठला सांग की खोट निघाली, काढून टाकली. मी सावकाश चालवीन. उजेड हाये तवरच चालवीन. महेबूबला खोटं बोलायला काय लागत होतं, जलमभर तो मौजंसाठी खोटंच बोलत आला होता. आज एक खोटं चांगल्या कामासाठी बोलायचं, एवढंच. त्यानं तोंड उघडलं आन मिटलं.

"ती भारेवाली डावीकडं व्हती, म्हणून तुला कळली," तो म्हणाला. "उजवीकडं कोणकोण वाचलं, ते तुला ठावं तरी हाये का?"

वाटंनं दोन बैलगाड्या गेल्या.

"माझ्या बापाकडं एक बैल व्हता," सोनाजी म्हणाला. "उजव्या डोळ्यानं आंधळा. बाप त्याला डाव्या अंगाला जुंपायचा. आंधळा डोळा जोडीदाराकडं, चांगला बाहेर. मंग बैल बुजत न्हाई." तो सरकला, आन महेबूब उभा होता त्या डाव्या बाजूला येऊन बसला. "जा. तू हाक आता."

महेबूब फिरून गेला आन डायवरच्या जागी बसला. लॉरी सरळ चालत होती, हात नुसते ठेवले तरी. शेजारी सोनाजी बाहेर तोंड करून बसला होता. महेबूब एकदोनदा त्याच्याकडं वळला, पण त्या बाजूनं सोनाजीला काही दिसणार नव्हतं, म्हणून त्यानं तोंड हसरं केलं न्हाई, जसं होतं तसंच ठेवलं.

जिनाच्या दारात हमालांनी विचारलं, मिस्त्री, काय निघालं गाडीत?

"गाडीत कायबी न्हाई," महेबूब म्हणाला, आन शेठकडं जायला सोनाजीच्या उजव्या अंगानं चालाया लागला.