उभ्याने पाच गोळ्या

रेणू फिनलंडमध्ये अडतिसावी आली, हे तिच्या आईला लॅबमध्ये कळलं. डिसेंबर २००३. अमेरिकेत, वूस्टरच्या हॉस्पिटलात सकाळचे साडेआठ वाजले होते. शोभना रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावत होती आणि दर मिनिटाला कॉम्प्युटरवरचं निकालाचं पान रिफ्रेश करत होती. रेणूच्या नावापुढे ३८ हा आकडा स्थिरावला तेव्हा तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईला मिठीच मारली. नव्वद जणींमध्ये अडतिसावी, तेही वर्ल्ड कपच्या पहिल्याच रेसमध्ये.

बायथ्लॉन म्हणजे काय, हे शोभना सात वर्षं लोकांना सांगत आली होती. पाठीवर साडेतीन किलोची रायफल, पायात स्की. जीव तोडून अडीच किलोमीटर जायचं आणि तशाच धापा टाकत पन्नास मीटरवरच्या पाच ठिपक्यांवर पाच गोळ्या झाडायच्या. पहिल्या खेपेला आडवं पडून, दुसऱ्या खेपेला उभ्याने. जितके ठिपके चुकतील तितक्या दंडाच्या फेऱ्या. श्रूजबरीच्या मराठी मंडळात हे ऐकून लोक म्हणत, "अरे वा, आणि कॉलेजात मेजर काय घेतलंय तिने?"

रायफल रेणूच्या हातात शोभनानेच दिली होती. सांगलीच्या कॉलेजात ती एन.सी.सी.त होती, कॅम्पमध्ये नेमबाजीत पहिली यायची. लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर ते सगळं मागे पडलं. रेणू बारा वर्षांची झाली, आणि जवळच्या क्लबात मुलांना पॉइंट टू-टूची रायफल शिकवतात असं समजलं, तेव्हा ती स्वतः मुलीला घेऊन गेली. घरी बेसमेंटमध्ये ड्रायरच्या वर भिंतीला कागद चिकटवून दोघी रिकाम्या रायफलीने सराव करायच्या. शोभना मागे उभी राहून मोजायची, "एक, दोन, सोड." दोनला श्वास अर्धा सोडायचा, 'सोड' म्हटलं की ट्रिगर. हायस्कूलच्या स्की टीमने पाय दिले. नेम आईचा होता, असं रेणूच सगळ्यांना सांगायची.

फिनलंडनंतर ऑस्ट्रिया. आडवं पडून पाचही ठिपके पाडले, उभ्याने तीन चुकले. पुढच्या आठवड्यात स्लोव्हाकियात चार. पण शोभनाची नजर चुकांवर नव्हतीच. निकालाच्या पानावर रेंजवरचा, म्हणजे नेमबाजीच्या जागेवरचा, वेळही येत असे. बाकीच्या मुली तीस-पस्तीस सेकंदांत पाच गोळ्या उरकत होत्या. रेणूला एक मिनिट अठरा सेकंद लागले होते.

त्या दिवशी हॉटेलातून कॉलिंग कार्डावर तिचा फोन आला.

"काय झालं गं?"

"आय डोन्ट नो, आई. टार्गेट दिसतंय, सगळं नीट आहे. पण बोट हलतच नाही."

"थंडीने?"

"थंडी नाही. आडवी असले की हलतं ना."

शोभनाने एक लांबलचक ई-मेल लिहिली. मग दुसरी. हातमोजे बदल, श्वास आधीच सोडून बघ, डोळे मिटून उघड. रेणूची उत्तरं एका शब्दाची यायला लागली आणि मग यायची थांबली. जानेवारीत जर्मनीत ती एकाहत्तरावी आली. काही वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा शोभना विमान पकडून दोन दिवसांत सांगलीला पोचली होती. इथे कुठे पोचायचं तेच कळत नव्हतं. एका दुपारी लॅबच्या ब्रेकमध्ये तिने टीमच्या कोचचा, डॅनचा नंबर शोधून काढला आणि सरळ फोन लावला. तो बिचारा सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "थँक यू, मॅम. वी आर वर्किंग ऑन इट."

दुसऱ्या दिवशी रेणूचा फोन.

"तू डॅनला फोन केलास?"

"अगं, मला वाटलं..."

"त्याने सगळ्यांसमोर विचारलं, तुझी मॉम सांगते ते ट्राय करू या का. आई, आय ॲम ट्वेंटी-वन!"

"चुकलं माझं. पण मला इथे बसून काही..."

"ऐक. आता सांगतेच." रेणूचा आवाज खाली आला. "मी रायफल वर घेते ना, तेव्हा मला तुझाच आवाज येतो. एक, दोन, सोड. आधी त्याने बरं वाटायचं. आता 'सोड' ऐकलं की बोट गोठतं. हे मी डॅनला नाही सांगितलंय. कुणालाच नाही."

शोभनाने विचारलं, "मग मी काय करू, रेणू?"

"काही नको करूस. प्लीज. काहीच नको."

आणि शोभनाने महिनाभर खरंच काही केलं नाही. निकालाचं पान उघडणंही सोडलं. ते काम गुरुदत्तने, तिच्या नवऱ्याने, आपल्या ऑफिसात करायचं ठरलं. रात्रीचं जेवण वाढताना ती फक्त "आज?" एवढंच विचारायची आणि तो ताटाकडे बघत म्हणायचा, "ऐंशी." इटलीनंतर रेणूला रिलेमधून काढलं. वर्ल्ड चॅम्पियनशिपला ती राखीव म्हणून गेली आणि कठड्याबाहेर उभी राहून परत आली.

मार्चच्या सुरुवातीला वर्ल्ड कपच्या रेस अमेरिकेत होणार होत्या, मेन राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेवरच्या एका छोट्या गावात. मंडळातल्या प्रतिमाने दोन व्हॅन भरून माणसं न्यायची तयारी केली होती, बॅनरसुद्धा रंगवलं होतं. शोभनाने तिच्या घरी जाऊन तो बेत रद्द करायला लावला. कारण सांगता आलं नाही. प्रतिमा अजूनही तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

साडेसात तास ड्राइव्ह करून दोघं पोचले. दोन्ही बाजूंना बर्फाखाली गेलेली बटाट्याची शेतं, आणि घरदार सोडून सगळा गाव रेसला आलेला. शाळेतली मुलं, म्हातारे, जोश द्यायला गळ्यात गाईच्या घंटा अडकवलेल्या बायका. अमेरिकेची कुठलीही मुलगी दिसली की ते नाव घेऊन ओरडत होते.

रेंजसमोरच्या प्रेक्षकांच्या स्टँडच्या पायऱ्यांशी शोभना थांबली.

"अहो, तुम्ही बसा इथे. मी पलीकडे, झाडीतल्या वळणावर थांबते."

"तिथून रेंज दिसत नाही, शोभना."

"म्हणूनच. तिने मान वळवली आणि मी दिसले, तर?"

गुरुदत्तने तिचा मफलर नीट केला आणि तो वर चढला.

वळणावर पंचवीस-तीस माणसं होती. उणे पंधराची थंडी, आणि झाडाला बांधलेला एक लाउडस्पीकर. पहिल्या फेरीत रेणू समोरून गेली तेव्हा शोभना दोन दांडग्या कॅनडियन माणसांच्या मागे होती. तिला फक्त पाठीवरची रायफल दिसली. थोड्या वेळाने लाउडस्पीकर ओरडला: रेणू, आडवी, पाचपैकी पाच! या घडीला चौदाव्या नंबरावर! रेंजकडून आलेला आरडाओरडा झाडीतून इथपर्यंत पोचला. एका कॅनडियनने टाळ्या वाजवल्या. शोभनाला वाटलं, आता तरी, देवा.

दुसरी फेरी. रेणू पुन्हा वळणावरून गेली, आधीपेक्षा वेगात. शोभना वाट बघत राहिली.

"रेणू उभ्याने नेमबाजीला आली आहे," लाउडस्पीकर म्हणाला. "पहिली गोळी, हिट! दुसरी, हिट!"

मग काही नाही. निवेदक दुसऱ्या कुणाबद्दल बोलायला लागला. मग परत: "रेणू अजून थांबली आहे." गर्दीने तिच्या नावाचा घोष सुरू केला. रे-णू, रे-णू. गावातली साधी, चांगली माणसं, तिला मदत करत होती. घंटा वाजत होत्या. "तिने रायफल खाली घेतली आहे. पुन्हा वर घेतली आहे." घोष वाढला. शोभनाने दोन्ही हातमोजे तोंडावर दाबून धरले. लोकांनी गप्प बसावं म्हणून ती कुणाला सांगणार होती? "अजून गोळी नाही, लोकहो." आता निवेदकाच्याही आवाजात खेळकरपणा उरला नव्हता. "एक मिनिट झालं. चला, तिला जोर द्या!"

आणि मग लागोपाठ तीन. ठो, ठो, ठो. इतक्या भराभर की त्यात नेम नव्हताच. तिन्ही चुकल्या.

दंडाच्या तीन फेऱ्या करून रेणू शेवटच्या फेरीला वळणावर आली. या वेळी शोभना पुढे होती. कॅनडियन आपण होऊन बाजूला झाले होते, तिच्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी समजलं असावं. रेणू हाताच्या अंतरावरून गेली. हनुवटीवर लाळ गोठलेली, नजर बर्फात. शोभनाच्या तोंडून आवाज निघाला नाही. तो निघावा की निघू नये, हेच तिला ठरवता आलं नाही, आणि तेवढ्यात मुलगी झाडांआड गेली.

रेणू एकोणऐंशीवी आली.

पार्किंग लॉटमध्ये टीमच्या व्हॅनपाशी ती त्यांना भेटली. अंगावर ब्लँकेट, डोळे कोरडे. बाबांना तिने मिठी मारली. मग आईकडे बघून म्हणाली, "तू कुठे होतीस?"

"तिकडे. वळणावर."

"व्हाय?"

"तुला माझा आवाज... मी म्हटलं, दिसले नाही तर बरं."

रेणू म्हणाली, "मी दुसऱ्यांदा रेंजमध्ये आले तेव्हा वर बघितलं. बाबा एकटे होते. मला वाटलं, आईला आता बघवतच नाही. ती आलीच नाही." तिने ब्लँकेट ओढून घेतलं. "दोन गोळ्या मारल्या आणि तेच डोक्यात राहिलं. शी डिडन्ट कम."

"रेणू, अगं..."

"इट्स ओके, आई. तुझी चूक नाहीये. खरंच नाहीये."

डॅनने हॉर्न वाजवला. टीमला बॉस्टनला जायचं होतं, तिथून नॉर्वेला, सीझनच्या शेवटच्या रेससाठी. रेणूचं नाव यादीत होतं. दुसरी कुणी उरली नव्हती, एक आजारी होती, एक परीक्षेला परत गेली होती.

"जायलाच हवं का?" गुरुदत्तने विचारलं. "घरी चल ना. आपण गाडी आणलीय."

"नाव दिलंय, बाबा."

शोभनाला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. जा, असंही म्हणायचं होतं. तिने डबा पुढे केला. घरून आणलेल्या गूळपोळ्या होत्या. रेणूने तो घेतला, व्हॅनमध्ये बसून मांडीवर ठेवला आणि व्हॅनचा दरवाजा सरकवून बंद केला.

नॉर्वेत तिने उभ्याने एक गोळी मारली आणि रेस सोडली. मे महिन्यात पुढच्या वर्षीची टीम जाहीर झाली, त्यात ती नव्हती. कॉलेजला परत गेल्यापासून रेणू दर रविवारी फोन करते, अभ्यासाचं बोलते, हवेचं बोलते, जेवलात का विचारते. नीट बोलते. शोभना प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघते आणि मगच तोंडाने बोलते, आणि तरी फोन ठेवल्यावर तिला वाटतं की आज आपण काहीतरी चुकीचं बोललो. काय, ते मात्र सापडत नाही.