पोचा पडलेली जेझवा

मित्रांनो, मी एक जुनी जेझवा आहे. जेझवा म्हणजे कॉफी उकळायचे, लांब दांड्याचे तांब्याचे भांडे. सारायेवोच्या तांबट आळीत माझा जन्म झाला. तिथून बोस्नियाच्या डोंगरातल्या एका गावाने मला आपल्या सभागृहासाठी आणले. वरची वाडी आणि खालची वाडी तिथे एकत्र बसत. रस्त्याचे, झऱ्याच्या पाण्याचे सगळे तिथेच ठरे, आणि माझ्या कॉफीचे कौतुक होई.

मग युद्ध आले आणि दोन्ही वाड्या एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना गेल्या. सभागृह जळाले. माझ्या पोटाला मोठा पोचा पडला आणि कित्येक वर्षे मी राखेत पडून राहिले.

पुढे लोक परतले. पण दोन्ही वाड्यांची माणसे वाटेत भेटली तर नुसती मान हलवत. पाण्याचा कारभार आता दूरच्या तालुका कचेरीकडे होता. नळ फुटला की अर्ज करायचा आणि कचेरीचा माणूस येईपर्यंत ओढ्यावरून बादल्या वाहायच्या. वरच्या वाडीतल्या मेवलिदाताईंची पाठ त्यानेच वाकली.

एका वर्षी नवा नियम आला. गावाने आपले पाणी आपणच सांभाळावे. मात्र दोन्ही वाड्यांनी एकत्र बसून, कचेरीच्या साहेबांसमोर एकच समिती नेमावी. नाही जमले, तर कारभार तालुक्याकडेच राहील.

मेवलिदाताईंनी मला राखेतून उकरले, घासले, कल्हई करून आणली. छप्पर नसलेल्या सभागृहात सभा भरली.

आमच्याकडे पहिली कॉफी स्वागताची, दुसरी बोलण्याची. तिसरी समोर आली की पाहुण्याने समजून उठायचे.

दुसरी कॉफी चालू असताना वरच्या वाडीचे फादिल म्हणाले, "पाणी सोडायची चावी आमच्याकडे राहील. झरा आमच्या रानात आहे."

"म्हणजे तुमच्या कोबीला आंघोळ आणि आमच्या नळाला नुसता वारा!" खालच्या वाडीचे ओस्तोया गरजले.

आवाज चढले. मेवलिदाताई गडबडल्या आणि हाताच्या सवयीने त्यांनी पुन्हा पेले भरले. तिसरी कॉफी! भांडण कितीही असो, रिवाज तो रिवाज. सगळ्यांनी घोट संपवले आणि टोप्या उचलल्या. साहेबांनीही बॅग बंद केली.

खालच्या वाडीतल्या राडोयकाआजी मात्र हलल्या नाहीत.

"आजी, चला की. तिसरी झाली," ओस्तोया म्हणाले.

"कसली तिसरी? दर वेळी अर्धाच पेला दिलाय मेवलिदानं. माझी अजून दुसरीसुद्धा पुरी झाली नाही. बस खाली!"

"पोचा पडलेलं भांडं आहे हो, मावतच नाही त्यात," मेवलिदाताई पुटपुटल्या.

फादिलना हसू आवरेना. "दीड कॉफीवर पाहुणे हाकलले म्हणून गावोगाव नाव होईल आमचं. बस रे ओस्तोया!"

सगळे पुन्हा बसले. साहेबांनी बॅग उघडली. बऱ्याच वादानंतर दोन्ही वाड्यांची एकच समिती नेमली गेली आणि ठरले, की चावी एक वर्ष वरच्या वाडीत आणि एक वर्ष खालच्या वाडीत राहील. चावीबरोबर मीही जाईन, आणि मी ज्याच्या घरी, त्याने सभा बोलवायची.

आता नळ फुटला तर गावच दुरुस्त करते. पण पाणी येते म्हणून सभेला माणसे कमी होत चालली आहेत. कधीकधी महिनोन्महिने मी कोरडी असते. पोटात फक्त चावी.

मित्रांनो, कल्हई उडाली की माझ्यातली कॉफी कळकते. म्हणून मला वेळच्या वेळी कल्हई करा, आणि नळाला पाणी असतानाही एकत्र बसत जा. माझा पोचा मात्र काढू नका. पेले अर्धेच भरलेले बरे.