दोन काठांमधलं घर

दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्याची रुंदी मोजायला मोजणीदार दरवर्षी यायचा आणि थोरल्या बहिणीकडेच उतरायचा. यंदा दोन्ही नद्यांनी काठ खाल्ले होते. गेल्या वर्षीचे एकशेदहा मीटर आता जेमतेम साठ भरले. त्याने तीनदा मोजून पाहिलं.

"ताई, सामान बांध. पुढच्या पुरात दोन्ही नद्या तुझ्या स्वयंपाकघरात एकमेकींना भेटतील."

"आणि जाऊ कुठे? तुझ्या दीड खोलीत आधीच सहाजण आहात," ताई हसत म्हणाली. "त्यापेक्षा वरच्या फळीवर डबे चढवायला मदत कर."

पाणी फळीच्याही वर जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो दुपारभर एकेक डबा तिच्या हाती देत राहिला.