सेल्माला चढली तेव्हा

आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत दारू आणि खोटं, दोन्हींना थारा नाही. त्यातली दारू आमच्या घरात आली ती माझ्या भावजयीच्या, सेल्माच्या, शिरेतून. तेव्हा कॅन्ससमधल्या आमच्या इस्पितळात अवेळी आलेल्या कळा थांबवायला सलाइनमधून दारूच द्यायचे.

"सहावाच महिना आहे. कळा थांबल्या, तरच मुलाची आशा," डॉक्टर म्हणाले. सेल्माची आधीची दोन पोटातच गेली होती. माझा भाऊ वाल्डो म्हणाला, "लावा." आई भिंतीकडे तोंड करून बसली.

सेल्माला चढली. एरवी जिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, ती खदखदून हसायला लागली.

"आई, तुमचे पाव दगडासारखे असतात! ही एल्वाच म्हणते."

मेलेच मी! आईनं माझ्याकडे असं बघितलं की बस.

मग सेल्मानं वाल्डोचा कान ओढला आणि ती कुजबुजली. पण चढलेल्या माणसाचं कुजबुजणं ते, सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"हिचं नाव लिझबेत. कुणाला सांगू नकोस हं. त्या दोघांची नावं मी मोठ्यानं घेतली, म्हणून ती गेली. हिला मी मनातच हाक मारते. लिझबेत, थांब गं, एवढी काय घाई?"

वाल्डो हसत होता आणि डोळे पुसत होता.

कळा मंदावल्या. सकाळी पुन्हा सुरू झाल्या, त्या औषधाला जुमानेनात. मुलगीच झाली. दुपारपर्यंत होती, मग गेली. माझ्या तळहातावर मावली असती.

उतरल्यावर सेल्माला काही आठवत नव्हतं. पाद्रीबाबांनी नाव विचारलं, तर म्हणाली, "नाव नव्हतंच. नुसतं बाळ म्हणा."

वाल्डोला ते सोसवलं नाही. पेटी कबरीत सोडताना तो म्हणाला, "ये हं, लिझबेत."

सेल्मानं त्याचा दंड धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हे नाव कुणी सांगितलं तुला? मी बोलले? मोठ्यानं?"

वाल्डोला खोटं जमत नाही.

"मी सांगितलं," आई म्हणाली. "माझ्या आजीचं नाव ते. तू कुठं काय बोललीस?"

सेल्मानं दंड सोडला आणि आईच्या गळ्यात पडून ती पहिल्यांदा रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आईच्या आजीचं नाव अगाथा होतं.