अर्धवट संदेश

मनस्वीनं रस्ट या नव्या प्रोग्रामिंग भाषेचं नाव काढलं तेव्हाच धनेशचं डोकं फिरलं होतं.

"नावातच गंज हाय," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "आपलं सॉफ्टवेअर चौदा वर्षं सी मध्ये चाललंय. तुझ्या जन्माआधीपासून लोक सी मध्ये लिहितात."

"म्हणूनच तेव्हाच्या चुका अजून आहेत, सर," मनस्वी म्हणाली.

रोह्यातल्या त्या लहानशा कंपनीत टाक्यांची पातळी दाखवणारी यंत्रणा बनायची. मीटर टाकीवर बसायचा, पातळी कळवायचा, आणि धनेशचा प्रोग्राम ती पडद्यावर दाखवायचा. शेजारच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या नऊ कारखान्यांत ती बसवलेली होती. धनेश पेणचा. रोज मोटरसायकलनं यायचा आणि या प्रोग्रामला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही.

मार्चमध्ये एका कारखान्यात ॲसिडची टाकी भरून वाहिली. ऑपरेटर मोरूचा पाय घोट्यापर्यंत भाजला. पडद्यावर शेवटपर्यंत बासष्ट टक्केच दिसत होते, असं तो सांगत राहिला. चौकशीचा अहवाल धनेशनं लिहिला आणि कारखान्याच्या मोठ्या साहेबासमोर वाचून दाखवला: यंत्रणा ठीक, ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. मोरूला टाकीवरून काढून गेटवर बसवलं.

पण धनेशच्या कंपनीचे मालक मुरादभाई यांचं समाधान झालं नव्हतं. वीस वर्षं कुवेतमध्ये रिफायनरीत काढलेला माणूस तो. त्यांनी मनस्वीला सांगितलं, "तू तुझ्या भाषेत नवीन लिही. धनेश, तू तिला मीटरची सगळी माहिती दे."

धनेशनं माहिती दिली, पण सगळी नाही. मीटर आठ आकड्यांचा संदेश पाठवतो, हे सांगितलं. कधीकधी तो सहाच पाठवून थांबतो, हे गिळलं. पडू दे तोंडावर, त्याला वाटलं. सगळ्यांसमोर पडू दे.

चाचणीच्या दिवशी कारखान्यात दोघांचे प्रोग्राम शेजारीशेजारी चालू होते, तेव्हा तिसऱ्या टाकीच्या मीटरनं अर्धवट संदेश पाठवला. मनस्वीच्या पडद्यावर आकड्याच्या जागी लाल अक्षरं आली, "माप मिळत नाही", आणि भोंगा वाजू लागला.

"बंद पडला!" धनेशला हसू आवरेना. "बघा मुरादभाई, माझा कसा चालू हाय. बासष्ट टक्के."

मुरादभाई टाकीकडं वळले. त्यांनी एका माणसाला टाकीवर चढवून मोजपट्टी सोडायला लावली. तो वरून ओरडला, "एकोणऐंशी!"

धनेशचं हसू तोंडावरच राहिलं. अपुऱ्या संदेशाची उरलेली जागा त्याचा प्रोग्राम मागच्याच संदेशातल्या आकड्यांनी भरत होता. बासष्ट हा जुना आकडा होता; मार्चमध्ये मोरूलाही असाच जुना आकडा दिसत राहिला होता.

"तुला कसं कळलं संदेश अर्धा येईल ते?" त्यानं मनस्वीला विचारलं.

"मला नाही कळलं. रस्टचा कंपायलर लिहिलेलं तपासतो ना, तो अडून बसला. संदेश कमी आला तर काय करायचं, ते लिहिल्याशिवाय पुढंच जाऊ देईना." ती पिशवीतून कागद काढत म्हणाली, "ते लिहिल्यावर तुमचा जुना प्रोग्राम चाळला. तुम्हाला माहीत होतं."

धनेशच्या प्रोग्रामचं एक पान होतं ते. नऊ वर्षांपूर्वी त्यानंच लिहून ठेवलेली ओळ तिनं मुरादभाईंना वाचून दाखवली: "मीटर कधीकधी अर्धवट पाठवतो. नंतर बघू."

मुरादभाईंनी कागद घडी करून खिशात घातला. "तुला काढणार नाय मी. नऊ कारखान्यांतले मीटर तुलाच माहीत हायत. पण सोमवारपासून तू मनस्वीच्या हाताखाली. रस्ट शिकायचं."

सोमवारी धनेश तिच्या शेजारी बसला आणि मनातल्या मनात शिव्या घालत राहिला. कंपायलर त्याची दर चौथी ओळ परत करायचा. हा डेटा तू दुसरीकडं दिलास, आता वापरू नकोस. इथं उत्तर आलं नाही तर काय, ते सांग. चौदा वर्षं त्याला असं कुणी अडवलं नव्हतं. मनस्वी काही सांगायची नाही. फक्त म्हणायची, "काय लिहिलंय ते वाचा, सर."

"वाचतोय ना!"

"रागानं वाचताय."

गुरुवारी मीटर वाचणारा भाग त्यानं जसा सी मध्ये लिहिला होता तसाच लिहून पाहिला. कंपायलरनं त्याच ओळीवर बोट ठेवलं: आकडे कमी आले तर? हा एक प्रश्न धनेशनं नऊ वर्षांपूर्वी पुढं ढकलला होता, आणि अहवालात मोरूचं नाव घातलं होतं. त्यानं उत्तराची ओळ लिहिली. प्रोग्राम मुकाट्यानं तयार झाला. त्याला आनंद झाला नाही.

दुपारी त्यानं नवा अहवाल टाईप केला. दोष यंत्रणेचा, यंत्रणा माझी, दोष मला माहीत होता. मनस्वीनं तो वाचला.

"म्हणजे आता मी तुम्हाला माफ करायचं का?"

"तुझ्याकडं कोण मागतंय?"

"बरं झालं. मी करणारही नाही. तुमच्या त्या भागात अजून अकरा चुका आहेत, उद्या सकाळपर्यंत दुरुस्त करून पाहिजेत."

संध्याकाळी तो अहवाल घेऊन मोरूच्या घरी गेला. मोरू ओट्यावर बसला होता, पाय अजून पट्टीत. धनेशनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोरूची बायको चंद्रावती दारात येऊन ऐकत राहिली.

"तुमच्या कागदावरून मी ह्यांना किती बोलली," ती म्हणाली. "लक्ष कुठं होतं, मोबाईल बघत होता काय, असं."

मोरूनं अहवाल हातात घेतला नाही.

"हा कारखान्यात नेऊन द्या," तो म्हणाला. "मोठ्या सायबासमोर वाचून दाखवा, जसा पहिला वाचला होता. आणि इथं परत येऊ नका."

"उद्या सकाळीच देतो."

"आता सेकंड शिफ्ट चालू हाय. सायेब आठपर्यंत असतो."

धनेशनं मोटरसायकल धाटावकडं वळवली.